अबिसीनियन मांजर: उगम, रूप आणि स्वभाव यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अबिसीनियन मांजर ओळखायचे कसे?

मध्यम आकाराचे, आखूड केसांचे, सडपातळ पण पिळदार अंगाचे आणि सशाच्या पाठीसारख्या रंगाचे मांजर समोर आले, की जाणकार माणूस प्रथम त्याच्या अंगावर पट्टे किंवा ठिपके आहेत का, हे पाहतो. अबिसीनियनच्या धडावर ते नसतात. लांबून पाहिले तर सारे अंग एकाच तांबूस-तपकिरी रंगाचे वाटते. जवळ जाऊन केसांतून बोट उलटे फिरवले, की प्रत्येक केसावर उजळ आणि गडद रंगांचे पट्टे एकाआड एक दिसू लागतात. या रचनेला टिकिंग म्हणतात आणि जातीची खरी ओळख तीच आहे. मोठे, पुढे झुकलेले कान, बदामाच्या आकाराचे डोळे आणि चवड्यांवर उभे असल्यासारखा पवित्रा या बाकीच्या खुणा. परंतु टिकिंग नसलेले मांजर इतर सर्व बाबतींत कितीही देखणे असले, तरी ते अबिसीनियन नव्हे.

ही जात खरोखर अबिसीनियातून आली आहे का?

नावावर जाऊ नये. अबिसीनिया म्हणजे आजचा इथिओपिया. मराठीत तिथल्या माणसांसाठी ‘हबशी’ हा शब्द जुना आहे, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत, तेही याच देशावरून. या देशाचे नाव एका मांजराला चिकटले ते १८६८ च्या एका लष्करी मोहिमेमुळे. तिथला सम्राट दुसरा थिओडोर याने ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी आणि काही धर्मोपदेशक यांना कैदेत ठेवले होते. त्यांची सुटका करण्यासाठी सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली सैन्य पाठवण्यात आले, एप्रिल १८६८ मध्ये मॅग्डाला हा डोंगरी किल्ला पडला आणि सम्राटाने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. परतणाऱ्या फौजेबरोबर हस्तलिखिते, मुकुट आणि इतर बरीच लूट इंग्लंडला गेली. तिच्या मागोमाग एक मांजरही गेले, असे सांगितले जाते.

त्या मांजराचे नाव झूला. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने १८७४ मध्ये मांजरांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात झूलाचे रंगीत चित्र आहे आणि कॅप्टन बॅरेट-लेनर्ड यांच्या पत्नीच्या मालकीचे हे मांजर युद्ध संपल्यावर अबिसीनियातून आणले, अशी नोंदही आहे. अडचण अशी, की चित्रातले मांजर आजच्या अबिसीनियनशी फारसे जुळत नाही. त्याचे कान तर चांगलेच लहान आहेत. शिवाय झूलाची पिल्ले, त्या पिल्लांची पिल्ले आणि पुढे आजची नोंदणीकृत मांजरे, अशी सलग वंशावळ दाखवणारा एकही कागद उपलब्ध नाही. थोडक्यात, झूलाला या जातीची मूळ माता म्हणण्यास आधार नाही. तिच्यामुळे जातीला नाव मिळाले, एवढेच फार तर म्हणता येईल.

या मोहिमेचा मुंबईशी संबंध होता, असे वाचण्यात आले. ते खरे आहे का?

मोहिमेपुरते ते पूर्णपणे खरे आहे. नेपियर हे त्या वेळी मुंबई इलाख्याच्या लष्कराचे सरसेनापती होते, आणि मोहिमेची जमवाजमव मुख्यतः मुंबईतच झाली. सुमारे तेरा हजार सैनिक, त्यांच्या सुमारे दुप्पट बाजारबुणगे, खेचरे, उंट आणि तोफा ओढण्यासाठी ४४ हत्ती, असा सारा लवाजमा जहाजांत घालून तांबड्या समुद्रापलीकडे नेण्यात आला. सैन्य जेथे उतरले, त्या ॲनस्ली उपसागराच्या काठावरील ठिकाणाचे नाव झूला. तेथे धक्के बांधण्यात आले आणि सामान वाहण्यासाठी छोटा लोहमार्गही टाकण्यात आला. मांजराला नाव मिळाले ते या बंदराचे. झोपाळ्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता त्या जहाजांतून मुंबईच्या गोदीतले एखादे मांजर झूला बंदरात उतरले असेल आणि तेच पुढे ‘अबिसीनियन’ म्हणून इंग्लंडला गेले असेल, अशी कल्पना कोणालाही सुचावी. जहाजांवर उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजरे असत, त्यामुळे ती अगदीच अशक्य कोटीतली नाही. परंतु तिला पुरावा नाही, आणि मांजर मराठी मुलखातले निघाले तर आपल्याला बरे वाटेल, हा काही पुरावा होत नाही.

मग या मांजराचे मूळ स्थान कोणते मानावे?

सर्वांत वजनदार पुरावा नेदरलँड्समधील लायडन येथे आहे. तिथल्या प्राणिशास्त्र संग्रहालयाने १८३४ ते १८३६ या काळात एका विक्रेत्याकडून पेंढा भरलेले एक मांजर विकत घेतले. त्याचे केस तांबूस आणि टिकिंग असलेले आहेत, आणि त्यावरील चिठ्ठीत त्याचे वर्णन मूळचे ‘इंडिया’ येथील पाळीव मांजर असे केलेले आहे. नेपियरची फौज अबिसीनियाच्या किनाऱ्यावर उतरली, त्याच्या तब्बल तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. या रूपाचे मांजर युरोपात युद्धामुळे प्रथमच आले, हे म्हणणे एवढ्याने निकालात निघते.

मात्र चिठ्ठीतील ‘इंडिया’ हा शब्द वाचून लगेच भारताचा नकाशा उघडू नये. त्या काळच्या डच व्यवहारात या नावाखाली जावा-सुमात्रा आणि आसपासची बेटेही येत असत. भारतीय उपखंड, श्रीलंका आणि आग्नेय आशिया या साऱ्या पट्ट्यात टिकिंग असलेली मांजरे आजही रस्तोरस्ती आढळतात, आणि मांजरांच्या जनुकीय अभ्यासांच्या आधारे अबिसीनियनच्या उगमासाठी हिंद महासागराचा किनारा व आग्नेय आशिया यांकडेच बोट दाखवले जाते. या किनाऱ्यांवरील बंदरांतून ब्रिटिश आणि डच व्यापारी जहाजे नेहमी ये-जा करीत. एखादे वेगळ्या रंगाचे पिल्लू कोणा खलाशाने उचलून नेले असेल, तर त्यात नवल ते काय?

याखेरीज एक तिसरा पक्ष आहे आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द इंग्लंडमध्येच मांडला गेला: ही जात परदेशी नाहीच, तिथल्याच पट्टेवाल्या मांजरांतून टिकिंग असलेली पिल्ले निवडून ती घडवली गेली. तिथे अशा मांजरांना सशाच्या नावाने ओळखण्याची पद्धतही होती. माझ्या मते या दोन बाजूंत खरा विरोध नाही. केसांचे हे रूप पूर्वेकडून गेले, आणि त्याला जातीचा साचा मिळाला तो इंग्लंडमधील पैदासकारांच्या हातून, स्थानिक मांजरांशी संकर होत होत.

प्राचीन इजिप्तमधील पवित्र मांजर ते हेच, असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

इजिप्तमधील ब्राँझच्या मूर्तींतील ताठ बसलेले, मोठ्या कानांचे, लांब मानेचे मांजर आणि आजचे अबिसीनियन यांच्यात साम्य आहे, हे नाकारता येणार नाही. पण साम्य म्हणजे वंश नव्हे. इजिप्तमधील भित्तिचित्रांतील मांजरे बहुतेक पट्टेदार दाखवलेली आहेत. विक्रीच्या जाहिरातीत शोभणारी ही कथा आहे. तिला यापेक्षा अधिक किंमत देऊ नये.

जात म्हणून हिला मान्यता केव्हा मिळाली?

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ च्या जुलैमध्ये हॅरिसन वेअर यांच्या पुढाकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील प्रदर्शनात अबिसीनियन युद्धात हस्तगत केलेल्या एका मांजराने तिसरे बक्षीस मिळवले. १८८२ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र जात म्हणून तिची गणना झाली, १८८९ मध्ये वेअर यांनी तिची लक्षणे लिहून काढली, आणि १८९६ मध्ये नॅशनल कॅट क्लबच्या वंशनोंदवहीत पहिली अबिसीनियन मांजरे नोंदली गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काही मांजरे अमेरिकेत पोहोचली, तरी तिथली पैदास १९३० च्या दशकात इंग्लंडहून चांगली मांजरे आणल्यावरच मार्गाला लागली.

ब्रिटनमध्ये या जातीवर दोनदा संकट आले. दुसऱ्या महायुद्धात माणसांच्याच अन्नावर नियंत्रण असल्याने मांजरांची पैदास थांबली आणि युद्ध संपले तेव्हा फारच थोडी अबिसीनियन शिल्लक होती. पुढे १९६० च्या दशकात विषाणूमुळे होणाऱ्या मांजरांच्या ल्युकेमियाने उरलेल्यांतही मोठी घट झाली. थोड्या मांजरांपासून पुन्हा मोठी संख्या उभी करावी लागली, की वंश अरुंद होतो. आजारांविषयीचा प्रश्न पुढे येईल, तेव्हा ही गोष्ट लक्षात असावी.

टिकिंग म्हणजे नेमके काय आणि ते कसे घडते?

गळलेला एक केस उजेडात धरावा. (तो मिळवण्यासाठी मांजराला त्रास देण्याची गरज नाही, सोफ्यावर तो असतोच.) मुळाशी तो उजळ केशरी असतो, मग एक गडद पट्टा येतो, पुन्हा उजळ, पुन्हा गडद, असे दोन-तीन पट्टे होऊन टोक मात्र नेहमी गडद असते. केस वाढत असताना मुळाशी असलेल्या रंगपेशी काही काळ काळपट रंगद्रव्य तयार करतात आणि काही काळ पिवळसर-तांबूस, म्हणून हे पट्टे उमटतात. ससा, हरीण, मुंगूस यांचे केसही याच रीतीचे असतात. वाळलेल्या गवतात अंग लपवण्यासाठी यापेक्षा सोयीचा रंग नाही.

मात्र केसातील पट्टे ही अबिसीनियनची मक्तेदारी नाही. साध्या पट्टेदार मांजराच्या दोन काळ्या पट्ट्यांमधील जागेतही असेच केस असतात. अबिसीनियनचे वेगळेपण एवढेच, की त्याच्या धडावर काळे पट्टे दिसतच नाहीत आणि मधल्या जागेचा रंग जणू सर्वांगावर पसरतो. असे का होते, याचे उत्तर बराच काळ मिळत नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अमेरिकन शास्त्रज्ञांनी डीकेके-४ नावाचे जनुक यामागे असल्याचे दाखवले. पिल्लू गर्भात असतानाच, केस उगवण्यापूर्वी, त्वचेवर पुढे पट्टे कोठे येणार याची आखणी होते, आणि या जनुकाचा त्या आखणीत वाटा असतो. त्यात बदल झाला, की गडद खुणा नाहीशा होत नाहीत, तर त्या इतक्या बारीक आणि दाट होतात, की डोळ्यांना पट्टे म्हणून जाणवतच नाहीत. म्हणजे ज्याला आपण बिनपट्ट्याचे मांजर म्हणतो, ते खरे तर अगणित पट्ट्यांचे मांजर आहे!

जुन्या आखणीच्या खुणा तरीही काही ठिकाणी राहतात. कपाळावर इंग्रजी एम् अक्षरासारखी रेघ, डोळ्यांच्या कोपऱ्यातून कानाकडे जाणारी काजळाची रेषा, शेपटीचे गडद टोक, या खुणा सर्व अबिसीनियनमध्ये दिसतात आणि त्या मान्यही आहेत. ज्या मांजराला हे जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळाले असेल, त्याच्या पायांवर आणि शेपटीवर मात्र पट्टे स्पष्ट उमटतात.

किती रंगांना मान्यता आहे?

मुख्य रंग चार. मूळचा आणि सर्वांत परिचित रंग म्हणजे रडी: भाजलेल्या विटेसारख्या केशरी-तपकिरी रंगावर काळे टिकिंग. ब्रिटनमध्ये यालाच ‘यूज्वल’, म्हणजे नेहमीचा, म्हणतात. दुसरा सॉरेल: उजळ तांबूस अंगावर दालचिनी रंगाचे टिकिंग. तिसरा ब्लू, ज्यात निळे काही नसते. फिकट पिठुळ्या अंगावर पाटीच्या दगडासारखे करडे टिकिंग असते. चौथा फॉन, म्हणजे सॉरेलचीच फिकी छटा. चांदीसारख्या पांढऱ्या अंगावर टिकिंग असलेला सिल्व्हर हा गट ब्रिटन आणि युरोपातील संस्था मानतात, अमेरिकेतील सर्वांत मोठी संस्था मानत नाही.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. अमेरिकेत सॉरेलला ‘रेड’ म्हणण्याची प्रथा पडली, परंतु जनुकशास्त्राच्या दृष्टीने हा रंग लाल नव्हे. आपल्याकडच्या नारिंगी बोक्याचा रंग एक्स गुणसूत्रावरील वेगळ्या जनुकामुळे येतो. सॉरेलमध्ये काळे रंगद्रव्य तयार होतेच, फक्त त्याची छटा उतरून दालचिनीसारखी झालेली असते. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही मिळाला तरच तो दिसतो. त्यामुळे दोन रडी मांजरांच्या पोटीही सॉरेल पिल्लू येऊ शकते. दोन सॉरेलच्या पोटी रडी कधीही येत नाही.

शरीराची ठेवण कशी असावी?

वजन साधारणपणे तीन ते पाच किलो असते आणि भाटी बोक्यापेक्षा लहान व हलकी असते. सयामी मांजराचा अतिलांबट बांधा आणि पर्शियनचा गोल, बसका बांधा, या दोन टोकांच्या मधोमध अबिसीनियन येते. डोके किंचित गोलाई असलेल्या पाचरीसारखे. कपाळ, गाल आणि नाक यांच्यात कोठेही सपाट कडा नसावी. कान मोठे, बुडाशी रुंद आणि सतत काहीतरी ऐकत असल्यासारखे पुढे वळलेले असतात; त्यांच्या टोकाला केसांचा लहानसा झुपका असेल, तर तो गुण समजला जातो. डोळे सोनेरी, हिरवे किंवा घाऱ्या रंगाचे. त्यांच्याभोवती काळी कड आणि त्या कडेबाहेर उजळ वर्तुळ असते, त्यामुळे चेहऱ्याला रानटी झाक येते. पाय सडसडीत आणि पंजे लहान, लंबगोल असतात. शेपटी बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती.

प्रदर्शनात कोणते दोष अपात्र ठरवतात?

हनुवटी, नाकपुड्या आणि गळ्याचा वरचा भाग सोडून इतरत्र पांढरा डाग असणे, गळ्याभोवती न तुटलेली काळी माळ असणे, शेपटीला गाठ किंवा वाक असणे आणि पंज्यांच्या बोटांची संख्या चुकीची असणे, हे मोठे दोष आहेत. रडीच्या मुळाशी केशरीऐवजी राखाडी केस असणे हाही दोषच. घरी पाळायच्या मांजराच्या बाबतीत यांपैकी कशालाही महत्त्व देण्याचे कारण नाही.

पिल्लू काळपट दिसते. फसवणूक झाली आहे का?

तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. अबिसीनियन पिल्ले जन्मतः गडद आणि धुरकट असतात. टिकिंग काही आठवड्यांनी दिसू लागते आणि रंग पूर्ण उजळायला दीड-दोन वर्षेही लागतात. एका वेळची पिल्लेही थोडी, बहुधा चारच्या आसपास असतात.

सोमाली आणि ओसिकॅट यांचे अबिसीनियनशी नाते काय?

सोमाली म्हणजे लांब केसांचे अबिसीनियन. लांब केसांचे जनुक अप्रभावी असल्याने ते अनेक पिढ्या लपून राहते आणि मग दोन आखूड केसांच्या मांजरांना अचानक झुपकेदार शेपटीचे पिल्लू होते. अशी पिल्ले पूर्वी गाजावाजा न करता देऊन टाकत. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यांची वेगळी जात मानली गेली आणि इथिओपियाच्या शेजारच्या सोमालियावरून तिचे नाव ठेवले गेले. एका चुकीच्या नावावर दुसरे नाव बेतले गेले, ते असे.

ओसिकॅटची कथा याहून गमतीची आहे. मिशिगनमधील व्हर्जिनिया डेली या पैदासकार १९६४ मध्ये अबिसीनियन आणि सयामी यांच्या संकरातून सयामी रूपाचे, पण तोंड, कान, पाय आणि शेपटी यांवर टिकिंग असलेले मांजर तयार करीत होत्या. ते साधले, पण त्याच प्रयोगात ठिपके असलेले एक पिल्लूही जन्माला आले, आणि नवी जात उभी राहिली ती त्या अनपेक्षित पिल्लाच्या धर्तीवर.

स्वभाव कसा असतो?

अबिसीनियनला ‘खोडकर’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तो शब्द अपुरा आहे. हे मांजर चौकस आहे. कपाटाचे दार उघडले की ते आत शिरते. पोळ्या लाटताना पिठाच्या डब्याशेजारी येऊन बसते. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या पिशवीतील प्रत्येक पान्याचा वास घेते. घरात काय चालले आहे, हे त्याला पाहायचे असते आणि शक्य तितक्या उंचावरून पाहायचे असते. फ्रिजचा माथा, दाराची चौकट, पुस्तकांच्या कपाटाची सर्वांत वरची फळी, या त्याच्या ठरलेल्या जागा. या उंच जागांवर ठेवलेल्या नाजूक वस्तू हलवणे, हा मांजर आणण्याच्या तयारीचाच भाग समजावा.

बहुतेक मांजरे वयात आल्यावर खेळणे कमी करतात. अबिसीनियन दहाव्या वर्षीही दोरीच्या टोकामागे धावते. त्याची हुशारी मालकांना कौतुकाची आणि डोकेदुखीची, दोन्ही ठरते: सरकत्या खिडकीची कडी कशी सरकते, हे एकदा पाहिले की पुरते. माणसांवर त्याचा लोभ असतो, पण तो लोभ सोबतीचा असतो. खोलीतून खोलीत मागोमाग येणे, टेबलावर वहीशेजारी बसणे, खांद्यावर चढणे, असे त्याचे प्रकार. दिवसभर घराला कुलूप असते अशा ठिकाणी हे मांजर एकटे ठेवले, तर ते कंटाळते, आणि कंटाळलेले अबिसीनियन स्वतःसाठी जी कामे शोधून काढते, ती घरच्यांना आवडतातच असे नाही. अशा घरी एक तर दोन मांजरे ठेवावीत किंवा दुसऱ्या जातीचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडीवर बसणारे मांजर हवे असेल तर?

मग पर्शियन किंवा रॅगडॉल पाहावे. अबिसीनियन मांडीवर येते, पण स्वतःच्या मर्जीने आणि थोडा वेळ; उचलून धरलेले त्याला फारसे खपत नाही.

ते फार ओरडते का?

नाही. सयामीच्या कर्कश आवाजापुढे याचा आवाज बारीक आणि मऊ असतो, घंटी किणकिणल्यासारखा. शेजाऱ्यांची तक्रार आलीच तर ती आवाजाची नसून मध्यरात्रीच्या धावपळीची असेल.

मुंबई-पुण्यातील फ्लॅटमध्ये ते राहू शकेल का?

आखूड केसांमुळे उष्ण हवा त्याला दाट केसांच्या जातींपेक्षा सुसह्य होते. जागा लहान असली तरी चालते, मात्र ती उभी वापरता आली पाहिजे: भिंतीवर चढत्या फळ्या, खिडकीशी बसायला जागा आणि नखे घासायला काथ्या गुंडाळलेला खांब. सर्व खिडक्यांना आणि बाल्कनीला मजबूत जाळी बसवल्याखेरीज मात्र हे मांजर घरी आणू नये. कबुतरावर झेप घेताना आपण सातव्या मजल्यावर आहोत, याचा विचार ते करीत नाही. समजूतदार मुले आणि मांजरांना सरावलेला कुत्रा यांच्याशी त्याचे चांगले जमते. पाळलेले पक्षी आणि मासे यांच्या बाबतीत भरवसा ठेवू नये.

निगा राखणे अवघड आहे का?

केसांची निगा सोपी आहे. आठवड्यातून एकदा रबराच्या ब्रशने विंचरले की पुरते. दातांची तशी नाही. या जातीत हिरड्यांची सूज वारंवार आढळते, म्हणून पिल्लू असल्यापासून मांजरांसाठीच्या पेस्टने दात घासण्याची सवय लावावी आणि वर्षातून एकदा पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे. रेबीजसह सर्व लसी आणि पैदास करायची नसल्यास नसबंदी, हे इतर मांजरांप्रमाणेच.

कोणते आनुवंशिक आजार संभवतात?

पिल्लू घेण्यापूर्वी सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि तो बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो.

पहिला आजार डोळ्यांचा. सीईपी-२९० या जनुकातील दोषामुळे दृष्टिपटलातील पेशी हळूहळू मरतात. पिल्लू जन्मतः उत्तम पाहते. साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात तपासणीत बदल दिसू लागतात आणि पुढील काही वर्षांत मांजर आंधळे होते. दोष अप्रभावी असल्याने आई-वडील दोघेही वरकरणी निरोगी असू शकतात. याखेरीज सीआरएक्स या जनुकातील प्रभावी दोषामुळे फार लहान वयातच दृष्टी जाण्याचा एक विरळ प्रकारही या जातीत आढळलेला आहे.

दुसरा आजार रक्ताचा. पायरुव्हेट कायनेज हे विकर कमी पडल्याने तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात आणि मांजराला अधूनमधून रक्तक्षय होतो. हाही दोष अप्रभावी आहे. या दोन्हींसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत आणि गालाच्या आतील बाजूवरून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर त्या करता येतात. त्यामुळे पैदासकाराने आई-वडिलांचे अहवाल दाखवण्यास टाळाटाळ केली, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

मूत्रपिंडांत अमिलॉइड नावाचे प्रथिन साचून ती निकामी होणे, हा तिसरा आजार. तो कुटुंबांत चालत येतो, पण त्यासाठी अशी सोपी चाचणी नाही. म्हणून आजी-आजोबा मांजरे किती वर्षे जगली आणि कशाने गेली, हे विचारावे. गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रासही काही मांजरांना होतो.

पैदास करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. बहुतेक मांजरांचा रक्तगट ए असतो, परंतु अबिसीनियनमध्ये बी गटही बऱ्यापैकी आढळतो. बी गटाच्या आईला ए गटाची पिल्ले झाली, तर तिच्या पहिल्या दुधातील प्रतिपिंडे पिल्लांच्या रक्तपेशींवर हल्ला करतात आणि धडधाकट जन्मलेली पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात. मीलनापूर्वी दोघांचाही रक्तगट तपासला, तर हे टळते. या आजारांतून सुटलेले मांजर बारा ते पंधरा वर्षे सहज जगते.

मांजराचा जनुकसंच प्रथम वाचला गेला तो अबिसीनियनचाच, हे खरे का?

होय. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठातील सिनॅमन नावाच्या अबिसीनियन भाटीचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या घराण्यात वर उल्लेखिलेला दृष्टिपटलाचा आजार होता आणि त्या घराण्याची नोंद अनेक पिढ्या ठेवलेली होती. जवळच्या नात्यातील पैदाशीमुळे तिची जनुके एकसारखी असल्याने वाचनही सोपे गेले. आंधळेपणाला कारण असलेल्या जनुकाचा शोधही त्याच वर्षी जाहीर झाला, आणि तो माणसांतील अशाच नेत्ररोगांच्या अभ्यासाला उपयोगी पडला.

आमच्या गल्लीत अगदी असेच दिसणारे मांजर आहे. ते अबिसीनियन असेल का?

बहुधा नाही, आणि तरीही हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. टिकिंगचे जनुक आपल्याकडच्या मांजरांत पूर्वीपासून आहे. सशाच्या रंगाचे, पायांवर पुसट पट्टे असलेले मांजर कोकणातल्या मासळी बाजारात किंवा पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या कौलांवर सहज दिसते. अबिसीनियन ही जात ठरते ती नोंदणीकृत वंशावळीमुळे. नुसत्या रूपावरून कोणत्याही मांजराला ते नाव देता येत नाही. याच साम्याचा फायदा घेऊन गल्लीतली पिल्ले ‘इम्पोर्टेड अबिसीनियन’ म्हणून मोठ्या किमतीला खपवली जाऊ शकतात. तेव्हा मान्यताप्राप्त संस्थेचे नोंदणीपत्र, आई-वडिलांचे प्रत्यक्ष दर्शन आणि जनुकीय चाचण्यांचे अहवाल, या तिन्ही गोष्टी हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गल्लीतले ते मांजर आवडले असेल, तर त्याला कागदपत्रांची गरज नाही: पशुवैद्याकडे नेऊन लसी द्याव्यात, नसबंदी करून घ्यावी आणि खिडक्यांना जाळी बसवून ते घरी आणावे.